पंधरा टाके

"किती टाके पडले?"

ऑपरेशन झालेल्या माणसाला भेटायला आलेलं कुणीही, हातातली शहाळ्यांची पिशवी खाली ठेवायच्या आत हा प्रश्न विचारतं. डॉक्टर कोण, दुखतंय का, जेवण जातंय का, हे सगळं नंतर. आधी टाके. चार म्हटलं की "हात्तिच्या, मग काही विशेष नाही." आठ म्हटलं की "अगं बाई!" आणि बाराच्या वर आकडा गेला की माणूस खुर्ची ओढून बसतं, आवाज खाली आणतं आणि पेशंटच्या पायावरची चादर सारखी करतं.

एस्तेर भोरे हा प्रश्न एकतीस वर्षं ऐकत होत्या. मिरजेतल्या एका बारा खाटांच्या दवाखान्यात ऑपरेशन थिएटरच्या त्या मुख्य सिस्टर. पहिल्या सत्तावीस वर्षांत त्यांना या प्रश्नाचा कधी राग आला नव्हता. राग यायला लागला तो गेल्या चार वर्षांत, कारण आता उत्तर एकच होतं.

"एकही नाही."

"म्हणजे ऑपरेशन झालंच नाही?"

"झालं. पोट उघडलं, आत जाळी बसवली, परत बंद केलं."

"मग बंद कशानं केलं?"

"चिकटवलंय!"

"डिंकानं?"

यावर समोरचं माणूस हसायचं. मग बाळंतिणीच्या लाडवावरून एखादा विनोद व्हायचा. तो विनोद सिस्टरनी आजवर किमान दोनशे वेळा ऐकला असेल, आणि प्रत्येक जण असा करायचा की जणू त्यालाच पहिल्यांदा सुचलाय.

त्या डिंकाचं खरं नाव सांधिनी. कातडी चिकटवायचा गोंद तसा जुनाच. लहान पोराचं कपाळ फुटलं की डॉक्टर दोन थेंब लावून मोकळे व्हायचे. पण तो गोंद वरच्या कातडीपुरता. आतले थर सुई-दोऱ्यानंच शिवावे लागायचे, कारण ओल्या मांसावर तो धरायचाच नाही. सांधिनीनं ती अडचण काढून टाकली. समुद्रातले शिंपले लाटांचा मार खात ओल्या खडकाला घट्ट धरून बसतात, त्यांच्या अंगच्या चिकट प्रथिनाची नक्कल करून ती बनवलेली. पोटाचा पडदा, चरबी, कातडी, एकेक थर जुळवायचा, वरून धार सोडायची, नव्वद सेकंद दाबून धरायचं. संपलं. बधिर करणारं औषध त्यातच मिसळलेलं, ते दहा दिवस जरा जरा सुटत राहायचं, म्हणून पेशंटला दुखायचंच नाही. कातडीवरच्या थरात बारीक संवेदक कण. ते जखमेची ओल, ऊब आणि ताण मोजून मोबाइलला कळवायचे. सगळं ठीक असलं की मोबाइलवर हिरवा दिवा लागायचा आणि एक बाई गोड आवाजात सांगायची, "आपली जखम आनंदात आहे."

ही बाई सिस्टरना भेटली असती तर त्यांनी तिला दोन शब्द सुनावले असते. कारण ते कण फक्त कातडीत होते. आतडी जागेवर धरून ठेवणारा पोटाचा जाड पडदा आत असतो, आणि तो भरतो आपल्याच चालीनं. पहिल्या आठवड्यात त्याच्या अंगात मूळच्या ताकदीचा जेमतेम दहावा हिस्सा असतो, सहा आठवड्यांनी कुठे निम्मी ताकद येते. चालणं, खोकणं, हसणं सांधिनी सांभाळून घेई, वजन उचलणं नाही. "चिकटलं म्हणजे भरलं नव्हे," असं सिस्टर दिवसातून दहा वेळा सांगायच्या. आदामाच्या बरगडीपासून माणसाचं मांस याच हिशेबानं भरत आलंय, त्यात कंपनीला काही फरक करता आला नव्हता. पण ऐकतंय कोण?

सानिका चौगुले तर याची जितीजागती साक्ष होती. सात महिन्यांपूर्वी याच दवाखान्यात तिचं सिझर झालं. टाके नाहीत, दुखणं नाही, मोबाइलवर हिरवा दिवा. सातव्या दिवशी ती गोठ्यात. कृष्णाकाठच्या गावात चौगुल्यांच्या घरी अकरा म्हशी होत्या. धार यंत्र काढायचं, शेण यंत्र ओढायचं, डेअरीच्या गाडीला तर ड्रायव्हरही नव्हता. पण गोठ्यापासून रस्त्यापर्यंत वीस-वीस लिटरचे कॅन उचलून न्यायचं यंत्र काही कुणाला सुचलं नव्हतं. ते काम सुनेचं. तिसऱ्या महिन्यात सानिकाचं पोट बेंबीखाली लिंबाएवढं फुगलं, सहाव्यात नारळाएवढं. पडदा फाटून आतडं बाहेर येत होतं.

आता आत जाळी बसवून ते परत जोडलं होतं. डॉक्टर पार्श्व उपाध्ये हातमोजे काढता काढता सिस्टरना म्हणाले होते, "पुन्हा फाटलं तर जाळी अडकवायला धड पडदाच उरणार नाही. जन्मभर पोटाला पट्टा बांधून बसेल ही पोरगी. दुसऱ्या बाळाचं तर नावच नको."

पोरगी सत्तावीस वर्षांची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची सासू अक्काताई खाटेशी उभ्या राहिल्या. रापलेला चेहरा, डोईवर पदर, मनगटाला हळद लावून फडकं गुंडाळलेलं. सून दवाखान्यात असल्यापासून कॅन त्याच उचलत होत्या.

"सिस्टर, उद्या सोडताय नव्हं? हात भरून आल्यात माझं. परवापासनं सानिका बघंल गोठ्याचं."

"सहा आठवडे काही उचलायचं नाही तिनं. पाण्याची कळशीसुद्धा नाही."

"कशापायी? टाके कुठं हायत?"

"अहो, टाके नसले तरी आत जखम आहे!"

"मोबाइल तर हिरवा दावतोय." अक्काताईंनी मोबाइल पुढे धरला. बाईनं लगेच गोड आवाजात सांगितलं, "आपली जखम आनंदात आहे." अक्काताई म्हणाल्या, "ऐकलंसा? आनंदात हाय म्हणं. मला चौदा टाके पडलेत, सिस्टर. हिच्या नवऱ्याच्या वक्ताला, ह्या डॉक्टरांच्या वडलांनी घातलेले. तुमीच काढलेत की दहाव्या दिवशी. टाके होते म्हणून दोन महिनं बसून खाल्लं मी. उगंच न्हाई."

सिस्टरना ते चौदा टाके आठवत होते. मोठ्या डॉक्टरांचा हात फार सुबक होता. त्यांनी वैतागून सानिकाकडे पाहिलं, निदान पेशंट तरी आपल्या बाजूनं बोलेल म्हणून.

सानिका म्हणाली, "सिस्टर, खरंच काही दुखत नाही मला. नुसतं बसून राहायची लाज वाटते. आत्ती एकट्या राबतात."

"घ्या! आता हिला काय म्हणावं!" सिस्टर मोठ्यानं बोलल्या आणि तरातरा डॉक्टरांच्या खोलीत गेल्या.

डॉक्टर पार्श्व अडतीस वर्षांचे. हुशार, सज्जन. सांधिनी जिल्ह्यात पहिल्यांदा त्यांनी आणली आणि वापरल्यावर वण राहत नाही याचा त्यांना फार अभिमान. ते दुसरीत असताना सिस्टरनी त्यांचं शेंबडं नाक पुसलं होतं, त्यामुळे 'सर' म्हणायच्या त्या जरा जीभ आवरूनच.

"सर, ती परवा कॅन उचलणार आहे."

"डिस्चार्ज कार्डावर सहा आठवडे विश्रांती लिहिलंय, सिस्टर. ठळक अक्षरात."

"ते कार्ड गेल्या खेपेला त्यांनी खुंटीला अडकवलं होतं. अजून तिथंच असेल."

"व्हिडिओही पाठवतो आपण."

"त्या गोड बाईचा? काही सांगू नका तिचं. तिनंच तर घात केलाय. पूर्वी दुखायचं, म्हणून माणूस आपणहून जपायचा. टाके दिसायचे, म्हणून घरचे जपायचे. आपण दुखणंही काढून घेतलं आणि टाकेही. आता त्या पोरीला जपायचं कुणी आणि कशावरून?"

"म्हणजे मी परत सुई-दोरा घेऊ? लोकांच्या समजुतीसाठी पोटाला भोकं पाडू?" डॉक्टरही चिडले. "विज्ञान इतकं पुढे गेलं आणि तुम्ही मला मागे ओढताय."

"विज्ञान पुढे गेलं हो. माणसं मागेच राहिलीत, त्याचं काय करायचं ते सांगा."

डॉक्टरांचा फोन वाजला आणि विषय तिथेच राहिला. या दवाखान्यात कुठलाही विषय संपला असं सिस्टरना आठवत नव्हतं. फोन वाजायचा.

दुपारी वॉर्ड सामसूम झाल्यावर सिस्टर थिएटरच्या मागच्या कपाटाशी गेल्या. तळच्या कप्प्यात मोठ्या डॉक्टरांच्या वेळचा डबा होता. त्यात काळ्या सिल्कच्या धाग्याची रिळं, मुदत संपून आठ वर्षं झालेली. फेकून द्या म्हणून तीनदा सांगून झालं होतं. सिस्टरनी एक रीळ काढलं, स्पिरिटमध्ये बुडवलं, सांधिनीची अर्धवट राहिलेली नळी घेतली आणि सानिकाच्या खाटेभोवतीचा पडदा ओढला.

"सानिका, ऐक. मी सुई लावणार नाही. नुसत्या धाग्याच्या गाठी मारून वरून चिकटवणार. कुणी विचारलं तर टाके म्हणायचं. चालेल?"

सानिकाचे डोळे मोठे झाले. "खोटं सांगायचं? आत्तींना?"

"खोटं काय त्यात? आत तुझं पोट खरंच फाटलंय. ते कुणाला दिसत नाही, म्हणून वर दिसेल असं काहीतरी लावतेय. तुला आणखी एक मूल हवंय की नाही?"

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं मान हलवली आणि गाऊन सारला.

"सासूबाईंना किती पडले होते म्हणाल्या त्या?"

"चौदा."

"मग पंधरा."

अर्धा तास लागला. एकेक गाठ मारून, चिमट्यानं ओळीत ठेवून, खाली टाचणीच्या डोक्याएवढा थेंब. अकराव्या टाक्याला सिस्टरच्याच अंगठ्याला थेंब लागला आणि धाग्याचं टोक तिथे चिकटून बसलं. ते कातरीनं कापून त्यांनी काम पुरं केलं. मोठ्या डॉक्टरांनी पाहिलं असतं तर हसले असते, पण नावं ठेवली नसती.

संध्याकाळी अक्काताई आल्या. सिस्टरनी चादर जरा खाली केली. "आज परत आत नेलं होतं. दुसऱ्यांदा फाटलेलं पोट, म्हणून वरून आधाराला घातलेत."

अक्काताईंनी बोट हवेत धरून एकेक टाका मोजला. पंधराव्याला त्यांचा हात थांबला. त्यांनी खुर्ची ओढली, खाली बसल्या, आवाज खाली आणला आणि सुनेच्या पायावरची चादर सारखी केली.

"अगं माझ्या बाई," त्या म्हणाल्या. "पंधरा!"

"बेचाळीस दिवसांनी काढायचे. मीच काढणार. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

"माझे तर दहाव्या दिशी काढले हुते की."

"तुमचे चौदा होते. हे पंधरा आहेत," सिस्टर म्हणाल्या आणि तोंड फिरवून निघून गेल्या. हे बिनडोक उत्तर अक्काताईंना अगदी पटलं.

सानिकाला घरी सोडल्यावर तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सिस्टरना खोलीत बोलावलं. टेबलावरच्या पडद्यावर सानिकाच्या पोटाचा फोटो होता. ॲप रोज एक फोटो मागायचं, घरच्यांनी तो इमानेइतबारे पाठवला होता, आणि कंपनीचं पत्र आलं होतं: जखमेवर पंधरा अनोळखी वस्तू आढळल्या आहेत, खुलासा करावा.

"हे काय आहे?"

"टाके."

"सिस्टर!"

"दिसतायत ना टाक्यांसारखे? मग झालं."

"ही फसवणूक आहे. माझ्या दवाखान्यात, माझ्या पेशंटवर. तुम्हाला कळतंय का? उद्याच्या उद्या बोलवा तिला आणि काढा ते."

"बोलवा. काढते. आणि परवापासून त्यांच्या गोठ्यावर कॅन उचलायला तुम्ही जा. पहाटे साडेपाचला गाडी येते डेअरीची."

डॉक्टरांनी फोटो मोठा केला. वण नाही, सूज नाही, असली सुंदर जखम, आणि तिच्यावर काळ्या मुंग्यांची रांग. ते थकलेल्या आवाजात म्हणाले, "बेचाळीस दिवस. पोट टिकलं तर मी काही पाहिलं नाही. फाटलं, किंवा घरच्यांनी तक्रार केली, तर तुमचा राजीनामा मला मागावा लागेल. मला ते आवडणार नाही, पण मागेन."

"मागा, देईन लिहून," सिस्टर म्हणाल्या. निवृत्तीला सहा महिने राहिले होते. बाहेर येऊन त्यांनी ट्रे इतका जोरात आपटला की वॉर्डातलं एक बाळ जागं झालं.

नवव्या दिवशी सकाळी सिस्टर घरी तांदूळ धूत होत्या. पाण्यात काहीतरी काळं तरंगलं. खडा समजून उचललं तर धाग्याचं टोक. अंगठ्यावर चिकटलेलं ते टोक, सांधिनीच्या थेंबासकट, कातडीच्या पातळ पापुद्र्याबरोबर सुटून आलं होतं.

"देवबापा!" सिस्टर तिथंच ओट्याला धरून उभ्या राहिल्या.

वरची कातडी आठ-दहा दिवसांत झडते. गोंद कितीही घट्ट असला तरी ज्याला धरलं तेच गळून पडलं तर तोही पडणार. एकतीस वर्षं थिएटरमध्ये काढलेल्या बाईला हे कळू नये? बेचाळीस दिवसांची मुदत घालून दिली ऐटीत, आणि टाके दहाव्या दिवशी अंघोळीच्या पाण्यात! स्वतःच्या अकलेची त्यांना इतकी चीड आली की तांदूळ तसेच ठेवून त्यांनी फोन लावला.

फोन अक्काताईंनी उचलला.

"मी भोरे सिस्टर. टाके कसे आहेत सानिकाचे?"

पलीकडे आधी म्हशीचं रेकणं ऐकू आलं. मग, "हायत की."

"सगळे?"

"पंधरा. परत मोजू का?"

"नको, नको. आणि सानिका?"

"बसलीया. लेकराला घिऊन." आणि फोन बंद.

आवाज कोरडा होता. सिस्टरनी पंधराव्या दिवशी परत विचारलं, बाविसाव्या दिवशी परत. दर वेळी तेच: हायत की, पंधरा. हे होणंच शक्य नव्हतं. आता ॲपचाही उपयोग नव्हता, कारण गोंद झडला की कण झडले, हिरवा दिवा विझला आणि ती गोड बाईही एकदाची गप्प झाली. सानिका घाबरून खोटं सांगतेय का? सासूनं टाके पडलेले पाहिले आणि आता दवाखान्यात येऊन तमाशा करायचा बेत आहे का? की पोरगी कधीच कॅन उचलायला लागलीय? सिस्टरना जेवण गोड लागेना. डॉक्टर समोर आले की त्या कपाट आवरायला लागायच्या. कपाटं इतकी स्वच्छ कधीच नव्हती.

बेचाळिसाव्या दिवशी दोघी आल्या. सानिकाच्या अंगावर तेज आलं होतं. अक्काताई मात्र वाळल्या होत्या, दोन्ही मनगटांना फडकी. सानिका ड्रेसिंगच्या टेबलावर आडवी झाली, आणि सिस्टरनी पाहिलं तर खरंच पंधरा टाके, सरळ ओळीत.

चिमट्यानं त्यांनी पहिला टाका उचलला. तो मऊपणे सुटून आला, आणि खाली पिवळट काहीतरी. सिस्टरनी वास घेतला. दुसरा उचलला. तसाच. सहावा तर सिल्कचा नव्हताच. शिलाई मशीनचा काळा दोरा, दुहेरी गाठ मारलेला. नववाही तसाच. बारावाही.

"हे मेण आहे," सिस्टर म्हणाल्या.

सानिका छताकडे बघत ओठ चावत होती.

"कुकवाचं मेण हाय," अक्काताई म्हणाल्या. "आमच्या आत्तींची, माझ्या सासूची, डबी हाय देव्हाऱ्यात. आता कोण लावतंय मेणावर कुकू? पडून हुती."

"मेण लावलंत? जखमेवर?" तसल्या वेळीही सिस्टरमधली सिस्टर उसळली.

"कातडी भरल्यावरच लावलं, येडी न्हाई मी! नवव्या दिशी पंचानं अंग पुसताना एक टाका पंचाला आला. बघितला. ना रक्त, ना भोक. म्हणलं, ह्या बाईनं आपल्याला येड्यात काढलं. असा संताप आला, सिस्टर, तुमी समोर असता तर… जाऊ द्या. त्याच दिशी तुमचा फोन आला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलणारच हुते. आधी हिला गोठ्यात न्हेली. म्हणलं, टाके न्हाईत, दुखत न्हाई, उचल कॅन. ही वाकली. अन् माझाच हात माझ्या पोटावर गेला." अक्काताईंनी तो हात तसाच पोटावर ठेवला. "आत्ती आठवल्या. त्यांनी माझे टाके कधी मोजले न्हाईत. पण पाव्हणं आलं, सासरं बडबडाय लागलं, की माझा पदर सारायच्या अन् म्हणायच्या, बघा, चौदा! मग समदी गप. टाके त्यांच्यासाठी नव्हते, सिस्टर. लोकांसाठी हुते. मला एवढ्या वर्सांनी कळलं बघा, गोठ्यात, कॅन धरून."

सिस्टरनी तेरावा टाका सोडवला.

"घरात तीन बापये," अक्काताई पुढे म्हणाल्या. "त्यांना काय सांगू? सुनेला दुखत न्हाई, दिसत न्हाई, तरी बसून हाय म्हणून? टाके हायत म्हणलं की इचारत न्हाईत. दर आठवड्याला पडायचे, मी लावायची. चार हरवले, ते घरच्या दोऱ्याचे केले. कॅन मी अन् हिचा नवरा संग्राम मिळून न्हेले."

"मग मला फोनवर का नाही सांगितलंत? झोप उडाली माझी!"

"तुमी मला सांगितलं हुतं का?"

सिस्टरनी उरलेले टाके काढले आणि ट्रेमध्ये ठेवले. मागे डॉक्टर दारात उभे होते. ते कधीपासून उभे होते कोण जाणे. त्यांनी सोनोग्राफीचं यंत्र ओढलं आणि सानिकाच्या पोटावरून हात फिरवला. एकदा. परत एकदा. मग तिला खोकायला सांगितलं.

"जाळी जागच्या जागी आहे," ते म्हणाले. "सूतभरही हललेली नाही. पडदा मस्त धरलाय." मग त्यांनी ट्रेमधला मशीनच्या दोऱ्याचा टाका उचलून उजेडात धरला, आणि अक्काताईंना विचारलं, "गाठ कुणी शिकवली ही?"

"तुमच्या वडलांचीच हाय. माझ्या पोटावर दहा दिस बघितलीय."

डॉक्टरांनी तो टाका जपून परत ट्रेमध्ये ठेवला. सानिका उठून बसली, सासूच्या मनगटावरचं सैल झालेलं फडकं तिनं सोडलं आणि घट्ट बांधून दिलं.

राजीनाम्याचा विषय परत निघाला नाही. पुढच्या आठवड्यात टेबलावर दुसरी एक सून होती, पहिलंच सिझर, घरी विटांची भट्टी. डॉक्टरांनी सांधिनीची धार सोडली, नव्वद सेकंद धरलं, पडद्यावर हिरवा दिवा लागला. गोड बाईनं आनंदाची बातमी सांगितली. सिस्टर हत्यारं मोजू लागल्या, पण डॉक्टर जागचे हलले नाहीत.

"सिस्टर, ते जुनं सिल्क आहे अजून?"

"तीनदा फेकायला सांगितलंत. आहे."

"हिला विचारून घेतलंय मी कालच. हो म्हणाली." मास्कच्या वर डॉक्टरांचे कान लाल झाले होते. "आणि दर आठवड्याला बोलवा तिला, परत लावायला. मेणबीण नको."

"किती घालू?"

डॉक्टरांनी हातमोजे काढले, दार ढकलून बाहेर डोकं काढलं. त्यांचा आवाज थिएटरमध्ये स्वच्छ ऐकू आला.

"पेशंटच्या सासूबाई कोण? तुम्हाला किती टाके पडले होते?"

बाहेर बाकावरून एक बाई उठल्याचा आवाज आला, आणि मग सगळ्या पॅसेजला ऐकू जाईल असं उत्तर.

"अठरा!"

हातात मोजे होते म्हणून, नाहीतर सिस्टरनी कपाळावर हात मारून घेतला असता. एकोणीस गाठी! जेवायची सुट्टी गेली. त्यांनी रीळ उचललं आणि पहिली गाठ मारायला घेतली.